विश्लेषण : काडतुसातील दारूचे माप कसे ठरते? ‘जास्त दारू, जास्त मार’ हा समज घातक का?

मुंबई-गोवा महामार्गावरील कशेडी घाटाच्या दोन्ही अंगांना, म्हणजे रायगडमधील पोलादपूर-महाड आणि रत्नागिरीतील खेड तालुक्यांत, भात पोटरीवर आले की राखणीची जागरणे सुरू होतात. रानडुकरांचा कळप शेतात शिरला तर एका रात्रीत खाचरच्या खाचर लोळवून जातो. त्यामुळे कोकणातील काही परवानाधारक शेतकऱ्यांकडे आजही ठासणीची किंवा एकनळी काडतुसाची बंदूक असते. दुसरीकडे याच गावांतील तरुणांच्या मोबाइलवर वेगळेच जग दिसते. अमेरिकेतील हौशी नेमबाज घरच्या टेबलावर पिस्तुलाची काडतुसे स्वतः भरताना दाखवणाऱ्या चित्रफिती सहज सापडतात. त्यात ‘हॉलो पॉइंट’ म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या गोळ्या असतात, दारूच्या मापाचे आकडे असतात आणि ‘थोडी जास्त घातली की मार वाढतो’ असा सूरही असतो. हे माप ठरते कसे, ते इतके नाजूक का आणि इथल्या बंदुकीला ते का लावू नये, याचा हा आढावा. (दारू म्हणजे इथे अर्थातच बंदुकीची.)

काडतुसात नेमके काय घडते?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळी टोपण, त्याच्या बुडाशी बसवलेली ठिणगीची टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर घोड्याची टोच टोपीवर बसते, ठिणगी पडते आणि दारू पेटते. दारूचा स्फोट होतो असे आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात ती अतिशय वेगाने जळते आणि तिचा वायू होतो. या वायूला जागा हवी असते. त्याच्या दाबाने गोळी टोपणातून सुटते आणि नळीतून बाहेर फेकली जाते. हे सगळे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपते.

हा दाब किती असतो? मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. ९ मिमी पिस्तुलाच्या काडतुसासाठी अमेरिकी उद्योगमानकाने ठरवलेली कमाल मर्यादा ३५ हजार पीएसआय आहे. म्हणजे टायरच्या सुमारे हजारपट. पॉइंट ४५ एसीपी या जाडजूड गोळीच्या काडतुसाची मर्यादा त्याहून बरीच कमी, २१ हजार पीएसआय आहे. नळी, कक्ष आणि टोपण ठरलेल्या मर्यादेसाठीच घडवलेले असतात. मर्यादा ओलांडली की पोलाद आपली जागा सोडते, आणि त्या वेळी ते नेमबाजाच्या तोंडापासून हातभर अंतरावर असते.

‘ग्रेन’ म्हणजे किती?

दारू आणि गोळी या दोन्हींचे वजन इंग्रजी परंपरेनुसार ‘ग्रेन’मध्ये सांगतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. एका पौंडात ७,००० ग्रेन येतात, म्हणजे एक ग्रेन सुमारे ०.०६५ ग्रॅमचा. आपल्याकडे सोनार गुंजेने सोने तोलत. एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. पिस्तुलाच्या एका काडतुसात साधारणपणे दोन-तीन गुंजांइतकीच दारू असते. त्यामुळे ग्रेनच्या दहाव्या भागाची चूकही दाबात दिसते. सोनाराच्या तराजूइतकीच काटेकोर मोजणी इथे लागते. फरक एवढाच, की सोनाराची चूक पैशांत भरून निघते.

सर्व दारू सारखी का नसते?

जुनी काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाची असे. रायगडच्या तटावरील तोफांपासून ते ठासणीच्या बंदुकीपर्यंत शतकानुशतके तीच चालली. ती धूर फार करते आणि नळीत राख सोडते. तिच्या जळण्याचा वेग मात्र दाबाबरोबर फारसा बदलत नाही. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू बनवली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी ‘बॅलिस्टाइट’चे पेटंट घेतले आणि लवकरच ब्रिटिशांचे ‘कॉर्डाइट’ आले. तमिळनाडूतील निलगिरीत अरुवनकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या कारखान्याला ‘कॉर्डाइट फॅक्टरी’ हे नाव याच दारूवरून पडले.

बिनधुराच्या दारूचा एक गुण जीवघेणा आहे. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणूनच माप दहा टक्क्यांनी वाढवले तर दाबही दहाच टक्क्यांनी वाढेल, हा हिशेब इथे चालत नाही. मर्यादेच्या जवळ थोडीशी वाढही दाबाला एकदम वर नेऊ शकते.

शिवाय ही दारू एकाच प्रकारची नसते. कणांचा आकार पापुद्र्यासारखा, गोळीसारखा किंवा नळीसारखा असतो. त्यावरील लेपामुळे जळण्याचा वेग बदलतो. पिस्तुलाची नळी चार-पाच इंचांचीच असल्याने तिला वेगाने जळणारी दारू लागते. रायफलच्या लांब नळीला सावकाश जळणारी दारू चालते. दोन प्रकारच्या दारूचे वजन सारखे असले तरी त्यांचा दाब अगदी भिन्न असू शकतो. त्यामुळे ‘अमुक पिस्तुलाला इतके ग्रेन’ हे वाक्यच अपुरे आहे. कोणती दारू, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

हॉलो पॉइंट गोळी वेगळी कशी?

या गोळीच्या टोकाला खळगा असतो. ती लक्ष्यात शिरली की खळग्यात द्रव दाटतो आणि टोक फुलासारखे उमलते. गोळी रुंद झाल्याने तिची ऊर्जा तिथेच खर्च होते आणि ती आरपार जाण्याची शक्यता घटते.

या कल्पनेचा भारताशी थेट संबंध आहे. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळील डमडम येथील दारूगोळा कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी पसरणारी गोळी तयार केली. वायव्य सरहद्दीवरील लढायांत ती वापरली गेली आणि ‘डमडम गोळी’ हा शब्द जगभर गेला. तिच्या भयानक जखमांमुळे १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. ब्रिटनने ती १९०७ मध्ये मान्य केली.

ही बंदी युद्धापुरती आहे. अनेक देशांचे पोलीस अशाच गोळ्या वापरतात. गर्दीच्या शहरात आरपार गेलेली गोळी मागे उभ्या असलेल्याचा जीव घेऊ शकते, हे त्यामागचे कारण. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाच युक्तिवाद करून त्या स्वीकारल्या.

अशा गोळीसाठी माप ठरवणे अधिक अवघड का?

पहिले कारण वेगाचे. हॉलो पॉइंट गोळी ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच नीट काम करते. वेग कमी पडला तर टोक उमलत नाही आणि ती साध्या गोळीसारखी आरपार जाते. खळग्यात जाड कापड अडकले तरी तेच होते. वेग फार वाढला तर ती उमलता उमलता फुटते आणि पुरेशी खोल जात नाही. म्हणजे जास्त दारू घालून मार वाढण्याऐवजी कमीही होऊ शकतो.

११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेत मायामी येथे एफबीआयची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली. एका दरोडेखोराला ९ मिमी हॉलो पॉइंट गोळी लागली. ती दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडे थांबली. जखमी अवस्थेत तो गोळीबार करत राहिला. चकमकीत एफबीआयचे दोन कर्मचारी मारले गेले. त्यानंतर एफबीआयने गोळ्यांची चाचणी जिलेटिनच्या ठोकळ्यात घेण्याची पद्धत ठरवली. गोळी किमान १२ इंच आत गेली पाहिजे आणि साधारण १८ इंचांपलीकडे जाऊ नये, हा तिचा गाभा. आजचे कारखाने गोळीचा आकार, धातू आणि दारू यांची सांगड या कसोटीवर घालतात.

दुसरे कारण लांबीचे. टोकात पोकळी असल्याने त्याच वजनाची हॉलो पॉइंट गोळी साध्या गोळीपेक्षा सहसा लांब असते. काडतुसाची एकूण लांबी मात्र पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये मावेल इतकीच ठेवावी लागते. मग गोळी टोपणात खोल बसते आणि दारूसाठी उरलेली जागा कमी होते. जागा कमी झाली की दाब वाढतो. स्पीअर या अमेरिकी गोळी उत्पादकाच्या हस्तपुस्तिकेतील एक प्रयोग या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. ९ मिमी काडतुसात दारू तेवढीच ठेवून गोळी फक्त पाऊण मिलिमीटर खोल बसवली, तर दाब दुपटीहून अधिक झाला. म्हणजे दारू कणभरही न वाढवता सुरक्षित काडतूस घातक बनले.

म्हणूनच साध्या गोळीसाठी छापलेले माप त्याच वजनाच्या हॉलो पॉइंटला जसेच्या तसे लावत नाहीत.

परदेशात हाताने भरणारे हे माप कसे ठरवतात?

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरणे हा कायदेशीर छंद आहे. तिथला जाणकार माणूस माप स्वतः ‘शोधत’ नाही. दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेत दाबमापक नळीवर चाचण्या घेऊन तक्ते छापतात. त्या तक्त्यात दारू, गोळी, टोपी, टोपण आणि एकूण लांबी या सर्वांची जोडी दिलेली असते. त्यातील एक गोष्ट बदलली तरी तो आकडा गैरलागू होतो. सुरुवात नेहमी तक्त्यातील खालच्या आकड्यापासून होते आणि वरच्या आकड्यापलीकडे जाणे म्हणजे अंधारात उडी.

त्यांच्याकडेही अपघात होतात. सर्वात कुप्रसिद्ध चूक दुहेरी भरणीची. वेगाने जळणाऱ्या दारूचे माप टोपणाच्या निम्म्याहूनही कमी जागा घेते. लक्ष विचलित झाले आणि त्याच टोपणात दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही, डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून काहीजण मुद्दाम फुगीर दारू निवडतात. दुसऱ्यांदा ओतली की ती ओसंडते आणि चूक पकडली जाते.

यूट्यूबवरील चित्रफितीत यातले बरेचसे दिसत नाही. दिसतो तो फक्त आकडा.

फुसका बार जास्त धोकादायक का?

मराठीत ‘फुसका बार’ म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट. बंदुकीच्या जगात मात्र त्याला सर्वाधिक घाबरावे. दारू कमी पडली, ओलसर झाली किंवा भरायचीच राहिली, तर टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. आवाज ‘फुस्स’ असा येतो. नेमबाज घाईत पुन्हा चाप ओढतो. दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते.

त्यामुळे आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर थांबणे हा पहिला नियम. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट वाट पाहावी, कारण दमट टोपी कधी कधी उशिरा पेटते. त्यानंतर बंदूक रिकामी करून नळी आरपार मोकळी आहे का, ते तपासावे.

ठासणीच्या बंदुकीचा याच्याशी काय संबंध?

सर्वात जवळचा. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हाताने भरलेला असतो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि गजाने ठासायचे. इथे ना छापील तक्ता असतो, ना तराजू. माप पिढीजात डबीचे किंवा तळहाताचे. काळी दारू तुलनेने सहनशील असल्याने ही पद्धत इतकी वर्षे टिकली.

पण याच सवयीतून दोन चुका होतात. डुक्कर मोठे आहे म्हणून ‘मूठभर जास्त’ घालणे ही एक. अनेक हातांतून गेलेल्या, आतून गंजलेल्या नळीला तो ताण पेलत नाही. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू ठासणीत भरणे. काळ्या दारूच्या मापाने ती ओतली तर दाब त्या नळीच्या ताकदीच्या कितीतरी पलीकडे जातो. डाव्या हाताची बोटे, डोळा आणि शेजारी उभा असलेला माणूस, हे सगळे त्या क्षणी धोक्यात येतात. ठासणीत काडतुसाची दारू कधीही, कितीही थोडी, घालू नये. याला अपवाद नाही.

कोकणातील पावसाळा हा आणखी एक घटक. चार महिने भिंतीला टांगलेल्या बंदुकीची नळी आतून गंजते आणि दारू ओल धरते. निवडणुकीच्या काळात जमा केलेली बंदूक परत आल्यावर नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असू शकते. तेवढा अडथळाही नळी फाटायला पुरेसा असतो.

भारतात कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावानिशी आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देता येतो, आणि ती अपुरी आहे अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर या तरतुदीत येत नाहीत. त्यासाठी वेगळे सबळ कारण दाखवावे लागते. सामान्य नागरिकाला मिळणारी हत्यारे बहुतांश पॉइंट ३२ बोअरची असतात. ९ मिमी पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते.

घरी काडतुसे भरण्याबाबत कलम ५ महत्त्वाचे आहे. कोणताही दारूगोळा बनवण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. इथे ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्याही रुंद आहे. बंदुकीत भरायचे बार, त्यांची साधने, काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेसुद्धा तिच्यात येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. म्हणजे चित्रफीत पाहून ऑनलाइन मागवलेले ‘हौसेचे’ यंत्र घरात कोर्टाचे समन्स आणू शकते.

आणखी एक गैरसमज. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराला मारण्यासाठी कलम ११ नुसार अधिकृत वनाधिकाऱ्याची परवानगी आधी हातात असावी लागते. नुकसान झाल्यास पंचनामा करून वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो.

मग आपल्याकडे काडतुसे येतात कुठून?

मुख्यतः महाराष्ट्रातूनच. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे. शेतकऱ्यांच्या बाराबोअर बंदुकीत जाणारी ‘शक्तिमान’ काडतुसे तिथलीच. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यात रायफल-पिस्तुलांचा दारूगोळा बनतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीत आले. तिचे मुख्यालय पुण्यात आहे. कारखान्यात दारूच्या प्रत्येक नव्या तुकडीची चाचणी होते आणि गरजेनुसार भरणी बदलली जाते. कारण एकाच नावाच्या दारूच्या दोन तुकड्यांतही थोडा फरक असतो. घरच्या टेबलावर ही तपासणी होऊ शकत नाही.

आपले ऑलिम्पिक नेमबाज दारू स्वतः भरतात का?

नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले. हे दोन्ही प्रकार पॉइंट २२ च्या काडतुसावर खेळले जातात. त्यात ठिणगीचा मसाला टोपणाच्या कडेतच भरलेला असल्याने ते पुन्हा भरून वापरण्याची सोयच नाही. मग नेमबाज काय करतात? कारखान्याच्या वेगवेगळ्या तुकड्या आपल्या बंदुकीतून झाडून पाहतात आणि ज्या तुकडीचे छेद कागदावर सर्वात जवळ पडतात ती विकत घेतात. दारूचे माप कारखाना ठरवतो. त्यांच्या हाती राहते ती निवड.

परवानाधारकांनी काय पाळावे?

काडतूस परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि बंदुकीवर कोरलेल्या बोअरशी ते जुळवून पाहावे. हिरवे पडलेले, फुगलेले, गोळी हलणारे किंवा पावसात भिजलेले काडतूस वापरू नये. ते वाळवून पाहण्याचा मोह टाळून विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला दाखवावे. काडतूस कधीही फोडू नये. काळी दारू चुलीपासून, विडीकाडीपासून आणि मुलांपासून लांब, कुलपात ठेवावी. हंगामाआधी नळी गंज आणि अडथळ्यासाठी उजेडात धरून पाहावी आणि शंका असल्यास परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी. ठासणीत आधीच बार भरलेला नाही ना, हे गज आत सोडून पाहिल्याशिवाय नवा बार भरू नये.

रानात बहुतेक वेळा डुक्कर आवाजानेच पळते. त्यासाठी नेहमीचे माप पुरते. जादा दारूने त्या आवाजात फारशी भर पडत नाही, ताण मात्र बंदूक धरणाऱ्या हाताजवळच्या नळीवर पडतो.